प्याला एकाचा, बळी दुसऱ्याचा

१९ मे २०२४ची ती उत्तररात्र पुणेकरांच्या स्मरणातून सहजी जाणारी नाही. अडीचच्या सुमारास कल्याणीनगरच्या रस्त्यावर कोटभराहून अधिक किमतीची एक परदेशी मोटार भरधाव आली आणि तिने एका दुचाकीला उडविले. मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले दोन तरुण अभियंते, एक मुलगा व एक मुलगी, प्राणांस मुकले. मोटार चालविणारा सतरा वर्षांचा होता. बारावीच्या निकालाचा आनंद मित्रांसमवेत साजरा करून तो परतत होता. वाहन चालविण्याचा परवाना त्याच्याजवळ नव्हता. तो मिळण्याचे त्याचे वयही झालेले नव्हते. मोटारीची कायम नोंदणी व्हायची होती आणि त्यासाठी भरावयाचे शुल्क होते अवघे १ हजार ७५८ रुपये! त्याच रात्री या मित्रमंडळीने पहिल्याच मद्यालयात दीड तासात ४८ हजार रुपये खर्च केल्याचे पोलिसांनी सांगितले. ज्या घराला सतराशे रुपये भरण्यास सवड झाली नाही, त्या घरच्या मुलाच्या हाती अठ्ठेचाळीस हजारांची रात्र आणि गाडीची किल्ली एकाच वेळी कशी आली, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि दोन महिन्यांत विसरलाही गेला.

पुढचा घटनाक्रम घराघरांत चर्चिला गेला आहे. बाल न्याय मंडळाने पंधरा तासांत जामीन दिला आणि अटींमध्ये एक अट घातली ती अशी की, अपघातांविषयी ३०० शब्दांचा निबंध लिहून द्यावा. दोन प्राणांचे मोल तीनशे शब्द! लोकक्षोभ उसळला तेव्हा कोठे यंत्रणेला जाग आली. मग सरकारी रुग्णालयात घेतलेला रक्ताचा नमुनाच बदलला गेल्याचे उघडकीस आले. दोन डॉक्टरांना अटक झाली. मुलाच्या रक्ताच्या जागी आईचे रक्त ठेवल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. गुन्हा आपल्या अंगावर घ्यावा म्हणून घरच्या वाहनचालकावर दबाव आणल्याच्या आरोपावरून वडील आणि आजोबा यांनाही कोठडीत जावे लागले. मंडळाच्या दोन सदस्यांची नियुक्ती शासनाने ऑक्टोबर २०२४मध्ये रद्द केली. मुलाला प्रौढ समजून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५मध्ये फेटाळली. कोणाचा दोष किती, हे न्यायालय ठरवील आणि ठरवावे. परंतु एक गोष्ट कोणत्याही निकालाची वाट न पाहता सांगता येते. त्या सुकाणूमागे तो मुलगा एकटा नव्हता. किल्ली देणारे घर त्याच्यामागे होते, पेला भरणारे हात होते, शेजारी बसलेले सोबती होते आणि सकाळ उजाडल्यावर सारे काही सावरून घ्यायला निघालेली प्रतिष्ठित माणसे होती.

शुद्धीत केलेला गुन्हा

वृत्तपत्रे अशा घटनेला ‘अपघात’ म्हणतात. हा शब्द येथे वापरणे म्हणजे मराठी भाषेवर केलेला अन्याय आहे. घाटात दरड कोसळते, धावत्या गाडीचे टायर फुटते, अंधारात अकस्मात गुरे आडवी येतात. त्याला अपघात म्हणावे. ध्यानीमनी नसताना जे कोसळते, तो अपघात. रात्री आठ वाजता स्वतःची गाडी स्वतः चालवीत मद्यालयाच्या दारात उतरणाऱ्या गृहस्थाला बारा वाजता ही गाडी कोण चालविणार, हे ठाऊक नसते काय? ते आठ वाजताच ठरलेले असते. त्या वेळी त्याच्या पोटात मद्याचा थेंबही गेलेला नसतो. बुद्धी शाबूत असते, हात स्थिर असतात, घरी बायकोला “उशीर होईल” असे सांगण्याइतके भान असते. त्या शुद्धीतच तो रिक्षा करीत नाही, चालक बरोबर घेत नाही, गाडी घरी ठेवीत नाही. “नशेत होतो, कळले नाही” ही सबब म्हणून टिकत नाही. गुन्ह्याचा निर्णय पहिल्या घोटाच्या आधी, पूर्ण शुद्धीत झालेला असतो. नशेत होते ती केवळ त्याची अंमलबजावणी.

आणि त्या शुद्धीच्या क्षणी तो एकटा नसतो, म्हणूनच हा प्रश्न एका व्यसनी माणसाचा राहत नाही. “आज बसायचे का?” असे विचारणारा मित्र तेव्हा शुद्धीत असतो. वाहनतळावर गाडी लावून घेणारा पोऱ्या शुद्धीत असतो. गल्ल्यावर बसलेला मालक तर मध्यरात्रीपर्यंत पूर्ण शुद्धीत असतो, कारण त्याला हिशेब करायचा असतो. या सर्वांना पुढचे दिसत असते. दिसत असूनही जो तो आपापल्या वाट्याचे काम करीत राहतो.

‘आपल्याला चढत नाही’ हे या मंडळींचे आवडते वाक्य. चढत नाही असे ज्याला वाटते त्याला ती चढलेली असते, हे शरीरशास्त्र सांगते. मद्य रक्तात गेले की पाय लटपटण्याच्या किती तरी आधी निर्णयशक्ती आणि अंदाज बांधण्याची क्षमता ढळते. माणूस नीट चालतो, नीट बोलतो, देयकावर सहीदेखील सुबक करतो. फक्त समोरून येणाऱ्या दिव्यांचे अंतर त्याला कळेनासे होते आणि तेच कळत नाही हेही कळत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. मेंदूकडून पायाकडे जाणारा संदेश अर्ध्या सेकंदाने लांबला, तर ब्रेक लागण्यापूर्वी गाडी आठ मीटर अधिक धावलेली असते. आठ मीटर म्हणजे एक अख्खा पादचारी मार्ग आणि त्यावरून हात धरून चाललेले आजोबा आणि नातू. आपल्या मोटार वाहन कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्य ही मर्यादा घातली आहे ती याच कारणासाठी. तिला ‘इतकी चालते’ असे समजणारे विद्वानही आहेत.

दुसरा भ्रम उताऱ्याचा. कडक कॉफी, लिंबूपाणी, तोंडावर थंड पाण्याचे हबके, खिडकीतून येणारा वारा यांनी झोप उडेल. रक्तातील मद्य तसूभरही घटत नाही. ते जाळण्याचे काम यकृत करते आणि आपल्या संथ चालीनेच करते. ताशी १५ मिलिग्रॅमच्या आसपास हा त्याचा सर्वसाधारण वेग. त्याला घाई करता येत नाही.

पळणाऱ्याला बक्षीस

यकृताचा हा हिशेब सामान्य वाचकाला नवा असेल. गुन्हेगारांना आणि त्यांच्या वकिलांना तो उत्तम ठाऊक आहे. रक्तात १५० मिलिग्रॅम मद्य असलेला माणूस आठ तास हाती लागला नाही, तर तो कायद्याच्या मर्यादेपर्यंत उतरतो. दहा तासांनी त्याचे रक्त गंगाजलासारखे निर्मळ! मग पोलिसांनी खुशाल सुई टोचावी.

७ जुलै २०२४च्या पहाटे मुंबईत वरळीला हेच दिसले. कोळी समाजातील एक पती-पत्नी ससून डॉकवरून मासळी घेऊन दुचाकीवरून घरी निघाली होती. मागून आलेल्या आलिशान मोटारीने त्यांना धडक दिली. पती बाजूला फेकला गेला, पत्नी गाडीसोबत दूरवर फरफटत गेली आणि तिचा अंत झाला. मोटार चालविल्याचा आरोप असलेला, एका राजकीय पुढाऱ्याचा मुलगा त्याच पहाटे बेपत्ता झाला, तो ९ जुलैला सापडला. दोन दिवसांनंतर घेतलेल्या रक्तात काय सापडणार होते? आदल्या रात्री तो ज्या मद्यालयात गेला होता, ते उत्पादन शुल्क विभागाने नंतर मोहोरबंद केले. कारण महाराष्ट्रात कडक मद्य पिण्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि ती झालेली नसताना त्याला मद्य दिले गेले, असे त्या विभागाचे म्हणणे होते. ही २५ वर्षांची अट आणि मद्यपानासाठी लागणारा परवाना, या दोन गोष्टी कायद्यात आहेत, हे किती मद्यप्रेमींना ठाऊक आहे, याची कोणी चाचणी घेतली तर मोठी करमणूक होईल.

वरळीच्या घटनेच्या बरोबर सहा दिवस आधी, १ जुलै २०२४ रोजी, देशात नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली होती. तिच्या कलम १०६चे दुसरे पोटकलम असे की, निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यू घडविल्यावर जो चालक पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळविता पळून जाईल, त्याला दहा वर्षांपर्यंत कारावास व्हावा. हे पोटकलम तेवढे लागू करताना बाजूला ठेवले गेले. जानेवारी २०२४मध्ये मालमोटारचालकांनी त्याविरुद्ध देशभर चक्का जाम केला होता. जमाव मारील या भीतीने आम्ही थांबू शकत नाही, हे त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ होते असे म्हणता येणार नाही. महामार्गावर दिवसरात्र राबणाऱ्या गरीब चालकाच्या त्या भीतीवर उपाय शोधायला हवा होता. झाले असे की, त्याच्या आडोशाने आलिशान मोटारीतून पळणाराही निर्धास्त झाला. जखमीला रुग्णालयात नेणारा आणि पोलिसांत स्वतः हजर होणारा रक्तासकट पकडला जातो. पळून जाणारा उजळ माथ्याने परततो. भल्या वागण्याला शिक्षा आणि पलायनाला बक्षीस देणारी ही व्यवस्था कोणत्या न्यायशास्त्रात बसते?

त्याआधीचे एक प्रकरणही विसरता कामा नये. १२ नोव्हेंबर २००६च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या बांधकाम मजुरांच्या अंगावरून एक मोटार गेली. सात जण ठार झाले, आठ जखमी. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे आजच्या मर्यादेच्या पावणेचार पट मद्य आढळले. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली सहा महिन्यांची! जनतेतून संताप व्यक्त झाल्यावर प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि शिक्षा तीन वर्षांची झाली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२मध्ये ती कायम करताना स्पष्ट म्हटले की, ही शिक्षा अगदीच अपुरी आहे. पण ती वाढविण्यासाठी राज्य शासनाने अपीलच केलेले नसल्यामुळे आम्ही ती वाढवीत नाही. सात मजूर मेले आणि शासनाला अपील करावेसे वाटले नाही. त्या मजुरांमागे मतांची पेढी नव्हती, एवढेच म्हणावयाचे.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या ऐन कर्तेपणाच्या वयातील होती. मद्य वा अमली पदार्थांच्या अमलाखाली वाहन चालविल्याने झालेले मृत्यू त्यात दाखविले आहेत ते सुमारे ४ हजार २००, म्हणजे अडीच टक्के. अमेरिकेत हेच प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास असते. भारतीय चालक अमेरिकनांच्या बारापट निर्व्यसनी आहेत, असे समजून ज्यांना पाठ थोपटून घ्यावयाची असेल त्यांनी ती घ्यावी. खरी गोष्ट अशी की, तेथे रक्त तपासले जाते आणि आपल्याकडे पंचनाम्यात ‘भरधाव वेग’ असे लिहून वही मिटली जाते. वेग कोणी वाढविला, हे विचारले जात नाही.

तळीरामाचे कौतुक

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. शंभराहून अधिक वर्षे लोटली. मराठी माणसाने त्या नाटकातून नेमके काय उचलले? तळीराम! आज कोणत्याही वृत्तपत्रात, नाकाबंदीत सापडलेल्या मद्यपी चालकांची बातमी ‘तळीरामांची धरपकड’, ‘तळीरामांना दणका’ अशा खुसखुशीत मथळ्याखाली छापली जाते. वाचणाऱ्याच्या ओठांवर हसू फुटते. नाटकातला तळीराम मद्यापायीच मरतो आणि सुधाकराच्या हातून त्याचे तान्हे मूल जाते, सिंधू जाते, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. शिवाय त्या सुधाकराने बुडविले ते स्वतःचे घर. त्याच्या हाती काठी होती. आजच्या सुधाकराच्या पायाखाली शंभर-दीडशे अश्वशक्तीचे यंत्र आहे, आणि त्याची सिंधू घरी सुखरूप झोपलेली असताना तो रस्त्यावर दुसऱ्या कोणाची तरी सिंधू चिरडून येतो. तरीही मथळा ‘तळीरामा’चाच!

भाषा अशी गुळगुळीत झाली की मनही गुळगुळीत होते. दारू पिणे हा शब्द आता मध्यमवर्गीय घरात उच्चारला जात नाही. तेथे ‘बसणे’ असते, ‘सोशल ड्रिंकिंग’ असते, ‘सेलिब्रेशन’ असते. वर्षाअखेरीस थर्टीफर्स्ट. पदोन्नती झाली, बसा. मुलगा उत्तीर्ण झाला, बसा. पाश्चात्त्य अनुकरणाचे हे फळ आहे, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे आणि त्यात तथ्यही आहे. परंतु दिव्यांच्या अमावास्येला, जिला आपल्या आजीने दीपपूजनाने सजविले, ‘गटारी’ हे किळसवाणे नाव कोणा परकीयाने दिले नाही. हळदीच्या रात्री आणि वरातीत पेल्यांची सोय करणारे आपलेच असतात. गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलाआड काय चालते, हे उत्सवाचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. त्या मिरवणुकीनंतर पहाटे दुचाकीवर तिघे बसून घरी निघतात, तेही ठाऊक आहे. दुसऱ्याच्या संस्कृतीवर बोट ठेवताना उरलेली बोटे कोणाकडे वळली आहेत, हेही पाहावे लागते.

‘पिणे हा ज्याच्या त्याच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न आहे, तुम्ही सोवळे लोक दुसऱ्याच्या पेल्यात कशाला डोकावता?’ असे पुरोगामी म्हणविणारी मंडळी विचारतात. क्षणभर मान्य करू. स्वतःच्या घरात दार लावून कोणी स्वतःच्या यकृताचे काय करावे, यावर येथे वाद घालायचा नाही. पण वरळीच्या त्या कोळी भगिनीचे व्यक्तिस्वातंत्र्य काय होते? पहाटे डॉकवर जाऊन मासळी आणावी, विकावी आणि संसार चालवावा, एवढेच. कार्टर रोडवरच्या मजुरांना दिवसभर राबून रात्री पाठ टेकण्याचे स्वातंत्र्य होते की नाही? व्यक्तिस्वातंत्र्याच्या या भाष्यकारांच्या लेखणीतून त्या सात जणांसाठी कधी चार ओळी उतरलेल्या दिसल्या नाहीत.

तिजोरीची तहान

राज्यघटनेचे कलम ४७ मादक पेयांवर बंदी आणण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे सांगते. आणि राज्ये प्रयत्न करतात ते मद्याचा महसूल वाढविण्याचा. जानेवारी २०२२मध्ये महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये, जेथे गृहिणी मुलांना घेऊन तांदूळ-डाळ आणायला जातात तेथे, वाइनविक्रीस मुभा देण्याचा निर्णय घेतला. वाइन ही दारूच नव्हे, असा अजब युक्तिवादही त्या वेळी ऐकायला मिळाला. विरोध झाला, निर्णय बारगळला. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली दारूबंदी त्याच सरकारने मे २०२१मध्ये उठविली होती.

पण न्याय सर्वांना सारखा लावावा लागतो. जून २०२५मध्ये महायुतीच्या मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविले, तेव्हा अपेक्षित वाढीव उत्पन्न सांगण्यात आले १४ हजार कोटी रुपये. कर वाढला की पिणारे घटतात, असे अर्थशास्त्र सांगते, आणि तसे झाले तर आनंदच आहे. मात्र पिणारे घटोत अशी इच्छा असलेले सरकार चौदा हजार कोटींची वाढ अंदाजपत्रकात धरत नाही. सत्तेवर आपल्या विचारांची माणसे बसल्याने या हिशेबाचा रंग बदलत नाही. या चौदा हजार कोटींतून रात्रीच्या नाकाबंदीसाठी श्वासचाचणी यंत्रे किती घेतली, तालुक्याच्या रुग्णालयात अपघातानंतर दोन तासांच्या आत रक्त घेण्याची व्यवस्था किती ठिकाणी झाली, हे आमदारांनी विधानसभेत विचारायला काय हरकत आहे?

महामार्गांची कथा तर प्रहसनाला शोभेल अशी आहे. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी दिला. १ एप्रिल २०१७पासून तो अमलात यावयाचा होता. मग काय विचारता! चंदीगडसारख्या ठिकाणी महामार्गांचे ‘महामार्ग’पणच कागदोपत्री काढून घेण्यात आले, दुकाने होती तेथेच राहिली आणि रस्त्याचे नाव बदलले. केरळात परवूर येथील एका मद्यालयाने प्रवेशद्वारापुढे वेड्यावाकड्या भिंतींचा चक्रव्यूह उभारला, जेणेकरून चालत जाण्याचे अंतर ५०० मीटर भरावे! आत शिरताना हा चक्रव्यूह भेदणारा अभिमन्यू बाहेर येताना गाडीपर्यंत कसा पोहोचत असेल, याची चिंता कोणी केली नाही. पुढे न्यायालयानेही शहरी हद्दीला सूट दिली आणि आदेशाचा दात बोथट झाला.

सुराध्यक्षाचे शासन

‘जुन्या ग्रंथांत काय असणार, बंदी आणि शाप!’ असे समजणाऱ्यांनी कौटिलीय अर्थशास्त्राचे दुसरे अधिकरण उघडावे. तेथे सुराध्यक्ष या अधिकाऱ्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. कौटिल्य स्वप्नाळू नव्हता. लोक पिणार हे तो जाणत होता आणि राज्याच्या कोशात त्याचे उत्पन्नही तो घेत होता. पण त्याने घातलेली बंधने पाहावीत. ज्याची वर्तणूक शुद्ध म्हणून माहीत आहे, त्यालाच आणि मोजक्या मापानेच मद्य बाहेर नेता येईल. बाकीच्यांनी पानागारात बसून प्यावे आणि तेथून इकडेतिकडे संचार करू नये. पानागारात निरनिराळी दालने असावीत आणि त्यांत शय्या व आसने असावीत. मद्याच्या अमलात झोपी गेलेल्या गिऱ्हाइकाचे दागिने, वस्त्रे वा सोने गहाळ झाले, तर त्याची भरपाई मद्य विकणाऱ्या व्यापाऱ्याने करावी आणि तेवढाच दंडही भरावा.

ज्या काळात वेगाची परिसीमा म्हणजे घोडा, त्या काळात प्यालेल्याने संचार करू नये हा नियम होता! आणि पेला भरून देणाऱ्याची जबाबदारी पैसे गल्ल्यात पडल्यावर संपत नव्हती. आपल्या आजच्या कायद्यात ती जवळजवळ तेथेच संपते. अल्पवयीनाला मद्य दिले तर परवान्यावर गंडांतर येते, तेही बोभाटा झाला तर. समोर तोल जाणाऱ्या प्रौढ माणसाला सहावा पेला भरून त्याच्या हाती गाडीची किल्ली देणाऱ्याला कोणी विचारीत नाही.

कौटिल्याचे हे सूत्र आज कोठे अमलात दिसत असेल तर ते जपानमध्ये. ऑगस्ट २००६मध्ये फुकुओका शहरात एका मद्यपी चालकाने, तो महापालिकेचा कर्मचारी होता, पुलावर एका कुटुंबाच्या गाडीला मागून धडक दिली. गाडी समुद्रात कोसळली आणि तीन चिमुकली भावंडे बुडाली. चालकाने पळ काढला आणि नशा लपविण्यासाठी भरपूर पाणी प्यायला. जपानी समाज हादरला. पण निबंध लिहून घेऊन थांबला नाही. २००७ साली तेथील कायदा बदलला. पिऊन वाहन चालविणाऱ्याबरोबर त्याला वाहन देणारा, चालविणार हे ठाऊक असून मद्य देणारा, आणि तो प्यालेला आहे हे माहीत असून सोडायला लावून त्याच्या गाडीत बसणारा, हे सारे गुन्हेगार ठरले. वाहन देणाऱ्याला तर चालकाइतकीच शिक्षा. २००६ साली तेथे मद्यपी चालकांमुळे सहाशेच्या वर माणसे मेली होती. तीन वर्षांत तो आकडा तीनशेच्या खाली आला. नशा उतरेपर्यंत लपून बसणाऱ्यांसाठी त्यांनी २०१३ साली आणखी एक कायदा संमत केला, पुढच्या वर्षी तो लागू केला, आणि त्या लपण्यालाच बारा वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा ठेवली. आपले १०६ (२) बाजूला ठेवणाऱ्यांनी हे पाहून ठेवावे.

विशेष म्हणजे आपल्या मोटार वाहन कायद्यातही कलम १८८ आहे. मद्यप्राशन करून वाहन चालविण्याच्या गुन्ह्यास जो साहाय्य वा उत्तेजन देईल, त्यालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा, असे ते सांगते. म्हणजे २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १० हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद. अल्पवयीनाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास देणारे कलमही त्याच दुरुस्तीने आले. शस्त्र भात्यात आहे. ते बाहेर काढले जात नाही इतकेच. दर शनिवारी रात्री मद्यालयांच्या वाहनतळाबाहेर नाकाबंदी लागली, आणि सापडलेल्या चालकाबरोबर त्याचे सहप्रवासी व त्याला गाडी आणून देणारे आस्थापन यांच्यावर कलम १८८ लागले, तर तीन महिन्यांत प्रत्येक मद्यालय स्वखर्चाने चालक नेमील. व्यापाऱ्याला उपदेश कळत नाही, दंड कळतो. कौटिल्याला हे ठाऊक होते.

मात्र कायदा कडक झाला की प्रश्न सुटला, अशा भ्रमातही राहू नये. महाभारताच्या मौसलपर्वात द्वारकेत दारूबंदी जाहीर झाल्याचे वर्णन आहे. जो मद्य गाळील त्याला आप्तांसह सुळी दिले जाईल, असा तो आदेश. आणि तो साक्षात श्रीकृष्ण-बलरामांच्या नावाने काढलेला! यादवांनी तो पाळला. पाळला तो द्वारकेत. मग प्रभासक्षेत्री यात्रेला जाताना त्यांनी खाण्यापिण्याची सगळी तयारी बरोबर नेली, तेथे मद्याला पूर आला, सात्यकी आणि कृतवर्मा यांच्यात जुन्या गोष्टींवरून शब्दाला शब्द वाढला आणि हाती आलेल्या लव्हाळ्याची मुसळे होऊन एका कुळाने स्वतःचा नाश करून घेतला. शहरात सज्जन असणारे, शुक्रवारी संध्याकाळी लोणावळ्याच्या वा अलिबागच्या वाटेला लागले की निराळेच होणारे यादव आजही पाहायला मिळतात. त्यांतले कित्येक सुस्थित, सुशिक्षित, सणावाराला सोवळे नेसणारे असतात.

म्हणून हा विषय घरातही बोलला गेला पाहिजे. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकांतून एकत्र भोजन, भजन, मातृभाषा यांवर चर्चा होते. त्याच सतरंजीवर बसून कोणी तरी हेही विचारावे की, गेल्या महिन्यात आपल्या नात्यातील समारंभातून कोण पिऊन गाडी चालवीत गेला आणि आपण त्याला दारापर्यंत सोडायला गेलो की नाही. ‘कशाला वाईटपणा घ्या?’ या तीन शब्दांनी आजवर जितके बळी घेतले असतील, तितके मद्याने एकट्याने घेतले नसतील. मेव्हण्याच्या हातून किल्ली काढून घेतल्याने रागावलेला मेव्हणा दुसऱ्या दिवशी निदान रागवायला असतो. मुलाला अठराव्या वर्षी गाडी देताना वडिलांनी तिचा विमा काढला, तिला हार घातला, नारळ फोडला. या एका गोष्टीवर चकार शब्द काढला नाही, असे घराघरांत घडते. शाखेतील तरुण स्वयंसेवक निर्व्यसनी असतो, ही चांगली गोष्ट आहे. तो मित्रांच्या मेळाव्यातून मित्रांना घरी सोडून येणारा चालक झाला, तर त्याचे निर्व्यसनीपण चार घरांच्या उपयोगी पडेल.

तोवर शहराशहरांत दृश्य तेच राहते. रात्रीचा साडेबारा. काचेचे दार उघडते, आतला कर्कश ठेका क्षणभर रस्त्यावर येतो आणि चाळिशीतला एक गृहस्थ खांबाला हात लावीत बाहेर पडतो. गणवेशातला कोवळा पोरगा धावत जाऊन गाडी दारात आणतो, दार उघडून धरतो, साहेबांचा पाय आत नीट ठेवायला मदत करतो. कौटिल्याच्या पानागारात अशा माणसासाठी शय्या होती. हा पोरगा त्याच्या हातात किल्ली देतो, पन्नासाची नोट खिशात घालतो आणि पुढच्या गाडीकडे धावतो.